गणपूर्तीअभावी

आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना दर वर्षी मीच लिहीत असे, आणि तिच्यातले शेवटचे वाक्य लिहिताना मला दर वर्षी किळस येत असे. वाक्य असे होते : 'नियोजित वेळी गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब करण्यात येईल व तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल; तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.' ज्याने कधी एखाद्या पतपेढीचे, गृहनिर्माण संस्थेचे किंवा वाचनालयाचे सभासदत्व घेतले आहे, त्याने हे वाक्य वाचलेले असते. ते कोणाला टोचत नाही. एखाद्या वर्षी पाऊस कोसळला, गावात कोणाचे निधन झाले, तर संस्थेचा कारभार अडून राहू नये, एवढ्यासाठी केलेली ती सोय आहे. आमच्या गावाने त्या सोयीचे काय केले, तेवढेच मला येथे सांगायचे आहे.

संस्था मच्छीमारांची होती. मालवण आणि वेंगुर्ले यांच्या मधल्या किनाऱ्यावर आमचे गाव. बंदराला लागून संस्थेचा बर्फाचा कारखाना, आणि त्याच्या शेजारी कौलारू कार्यालय. कार्यालयात एक मोठी खोली होती, जिला सभागृह म्हणायची पद्धत होती, आणि पुढच्या अंगाला लांबलचक पडवी होती. मी तेथे कारकून म्हणून लागले तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. राज्यशास्त्र घेऊन एम.ए. झाले त्याला पुष्कळ वर्षे लोटली होती. मधला काळ आईवडिलांच्या आजारपणात गेला, आणि दोघेही गेल्यावर, नव्या शतकाच्या आरंभी, आयुष्यातली पहिली नोकरी हाती आली. ती का मिळाली याचे कारण साधे होते. इतक्या पगारात इतकी लिखापढी करायला दुसरे कोणी तयार नव्हते.

पहिल्या वर्षीची सभा मला अजून लख्ख आठवते. सूचनेत दुपारी तीनची वेळ होती. मी खुर्च्या मांडल्या, टेबलावर चादर घातली, अहवालाच्या प्रती ठेवल्या. तीन वाजले तेव्हा सभागृहात अध्यक्ष, मी आणि रिकाम्या खुर्च्या एवढेच होतो. पडवीतून मात्र हसण्याखिदळण्याचा मोठा आवाज येत होता. मी दाराशी जाऊन पाहिले तर बाके भरलेली, कट्टा भरलेला, पायऱ्यांवर माणसे बसलेली. बहुतेक सगळे सभासद जातीने हजर होते. कोणी तंबाखू मळत होते, कोणी पत्ते पिसत होते, आणि पडवीच्या कडेची जास्वंद पिचकाऱ्यांनी लाल-तपकिरी होऊन गेली होती.

"तीन वाजले," मी म्हणाले. माझा आवाज मुळातच लहान. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा जवळच्या दोघांनी मान वर केली.

"तीन वाजले म्हणजे साडेतीनाक सुरू होतली," त्यांतला एक समजुतीने म्हणाला. "बसा जरा, बाई. चाय घेवा. तुमी नवीन आसास."

मी आत परतले. अध्यक्षांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, उभे राहिले, सदऱ्याचे बटण लावले आणि रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून शुद्ध मराठीत म्हणाले, "गणपूर्तीअभावी ही सभा मी तहकूब करीत आहे." मग बटण काढून मला म्हणाले, "चला, चाय घेवया," आणि स्वतःही पडवीत जाऊन बसले. ज्यांच्या गैरहजेरीमुळे त्यांनी सभा तहकूब केली होती, त्यांच्याच मांडीला मांडी लावून त्यांनी अर्धा तास गजाली मारल्या.

साडेतीनला त्यांतले पाच-सहा जण आत आले. बाकीचे पडवीतच राहिले. कारण आता त्यांची कोणालाच गरज नव्हती. अहवाल, ताळेबंद, पुढील वर्षीचे लेखापरीक्षक, सगळे सर्वानुमते मंजूर झाले. मग बटाटेवड्यांची टोपली आली आणि पडवी आत शिरली. खुर्च्या कमी पडल्या.

मला वाटले होते, हा आळस असेल. दोन-तीन वर्षे पाहिल्यावर ध्यानात आले की हा आळस नव्हे, ही रीत आहे, आणि ती फार विचारपूर्वक पाळली जाते. आत बसलेल्या माणसाला हात वर करावा लागतो. शेजाऱ्याच्या विरुद्ध हात वर केला तर उद्या होडी वाळूवर ओढायला तो येणार नाही. अध्यक्षांच्या विरुद्ध केला तर बर्फाची लादी उशिरा मिळेल. पडवीत बसले की यांतले काहीच घडत नाही. वर निर्णय वाईट निघाला तर 'आमका कोणी विचारलाच नाय' असे म्हणण्याची मुभा राहते. विद्यार्थिदशेत मी संसदांच्या गणपूर्तीविषयी मोठमोठे ग्रंथ वाचले होते. सभासदांनी सभेच्या दारापर्यंत यावे, दाराबाहेर बसावे आणि आपल्या अनुपस्थितीचा चहा प्यावा, अशी व्यवस्था त्यांतल्या एकाही ग्रंथात नव्हती. देवळाची समिती, शाळेची पालकसभा, ग्रामसभा, सगळीकडे हाच प्रकार असल्याचे मला नंतर कळले. छापलेली वेळ ही गावात खोटी वेळ मानली जाई, आणि तीवर विश्वास ठेवणारा नवखा.

हे सगळे मी मुकाट्याने पाहत राहिले असते. कारकुनाने मुकाट्याने पाहावे अशीच अपेक्षा असते, आणि माझ्या स्वभावालाही ते सोयीचे होते. परंतु शेजारच्या काकींच्या मासळीचा प्रश्न निघाला.

काकी माझ्या घराशेजारी राहत. त्यांचे यजमान संस्थेच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. ते गेल्यावर त्यांचा भाग मुलाच्या नावावर झाला. मुलगा होडीवर जाई आणि काकी मासळी विकत. बंदरावर लिलावात पेडवे, बांगडे घ्यायचे, टोपली भरायची आणि एस.टी.ने कुडाळचा किंवा शिरोड्याचा बाजार गाठायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा क्रम. मासळी बाजारापर्यंत टिकवायला बर्फ लागतो. आणि बर्फ संस्थेच्या कारखान्यात सभासदांना आधी मिळे. सभासद म्हणजे समुद्रात जाऊन मासे मारणारा. मासे विकणाऱ्या बायका पोटनियमांच्या हिशेबी मच्छीमार नव्हत्याच. त्यामुळे होड्यांना लाद्या देऊन झाल्या की मागे उभ्या असलेल्या बायकांना जमिनीवरचा चुरा मिळे. भुशात मिसळलेला, पायांनी तुडवलेला, बिडीची थोटके असलेला. ज्या दिवशी मासळी जास्त येई त्या दिवशी तोही मिळत नसे.

सप्टेंबरच्या उन्हात चुऱ्यावर ठेवलेल्या पेडव्यांचे काय होते, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगणे कठीण आहे. आधी डोळे बसतात, मग कातडीवरची चकाकी जाऊन तिच्यावर बुळबुळीत साय धरते, आणि मग पोट आपोआप उकलते. काकी कित्येकदा भरलेली टोपली घेऊनच बाजारातून परत येत. गिऱ्हाईक बोट दाबून बघे आणि ते बोट टोपलीच्याच काठाला पुसून पुढे जाई. मग संध्याकाळी त्या सगळी मासळी माडांच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत ओतत, आणि आमच्या दोन्ही घरांवर रात्रभर तो वास बसून राही.

अशाच एका संध्याकाळी त्या हात धुऊन माझ्या दारात आल्या.

"गो बाय, तू शिकलेली मगो," त्या म्हणाल्या. "ह्यो नियम कोणी केल्लो? आणि तो बदलूक काय करूक लागता?"

मी पोटनियम काढून वाचले. नियम बदलता येत होता. 'मच्छीमार' या व्याख्येत मासळीची विक्री करणाऱ्या व्यक्तीचा समावेश केला की काम होणार होते. अडचण एकच होती. इतर कोणताही विषय तहकूब सभेत मंजूर होऊ शकत असला तरी पोटनियम दुरुस्तीचा विषय मात्र गणपूर्ती असलेल्या मूळ सभेतच घ्यावा, असे त्याच पोटनियमांत स्पष्ट लिहिले होते. म्हणजे एकूण सभासदांपैकी पाचवा हिस्सा माणसे तीन वाजता आत बसायला हवी होती.

"पाचवो हिस्सो?" काकी म्हणाल्या. "अगो, पडवीत अर्धी संस्था असता!"

अध्यक्षांनी विषय लगेच मान्य केला. "बायकांका बर्फ मेळाक व्हयो, हेच्यात दुमत नाय," ते म्हणाले. दुमत खरेच कोणाचे नव्हते. मी संकोच बाजूला ठेवून घरोघर गेले. होडीवाल्यांच्या घरांतही मासळी विकणारी कोणी ना कोणी होतीच. कोणाची आई, कोणाची बायको, कोणाची सासू. प्रत्येक घरात मी तेच सांगितले : या वेळी तीनला आत बसा, अर्धा तास थांबू नका. प्रत्येक घरात मला सांगण्यात आले, "तुमचा काम झाला म्हणान समजा." पोटनियम दुरुस्तीचा विषय तहकूब सभेत घेतला जाणार नाही, हे वाक्य सूचनेत मी मोठ्या अक्षरात लिहिले आणि त्याच्याखाली रेघ ओढली.

सभेच्या दिवशी सहकार खात्याचे अधिकारी मुद्दाम आले होते. ते अध्यक्षांच्या शेजारी बसले. बायका सभासद नसल्यामुळे त्यांना आत येता येत नव्हते; त्या अंगणात माडाखाली उभ्या होत्या, काकी सर्वांत पुढे. आणि तीन वाजता पडवी भरलेली होती.

आत मोजके पाच-सहा जण होते. मी दाराशी गेले आणि मला जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाले, "आज कृपा करून आत या. आजचा विषय तहकूब सभेत घेता येत नाही."

"चाय येवंदे, बाई," कोणीतरी म्हणाले.

काकींचा मुलगा कट्ट्यावर पाय सोडून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिले. तो गोड हसला. "येतंय गो मावशे. अर्धो तास तरी जावंदे."

अंगणातून काकी ओरडल्या, "मेल्या, उठ थयसून! भुतूर जावन बस!"

"आये, तू गप रव," तो म्हणाला. "दरवर्षी अर्ध्या तासानच होता. तुका सभेतला काय कळता?"

पडवी हसली. काकींच्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने पदर खोचला आणि एक पाऊल पुढे येऊन म्हटले, "रापणीचो दोर ओढूक हाक मारली काय कशे धावत सुटतास! तेव्हा खंय अर्धो तास लागता? थय वाटो मेळता ना!"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. त्याच्या दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीतला वाटा, हा आमच्या किनाऱ्याचा जुना कायदा आहे. बाईचे बोलणे झोंबणारे होते. परंतु पडवीतला एक पांढऱ्या मिशांचा सभासद चटकन म्हणाला, "थय वाटो मेळता, हय वडो मेळता! आणि तो पण साडेतीनाक!" आणि मग जे हसणे उसळले त्यात बायकांचे बोलणे वाहून गेले. खरे म्हणजे दोन-तीन बायकासुद्धा हसल्या.

अधिकाऱ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि घड्याळाकडे बोट केले. अध्यक्ष उभे राहिले. त्यांनी सदऱ्याचे बटण लावले.

त्यानंतर जे घडले त्याची मला सर्वांत जास्त किळस वाटते. साडेतीनला सगळे आत आले. नेहमीचे पाच-सहा नव्हेत, सगळे. कारण अधिकारी आलेले होते आणि वडे मालवणहून मागवले होते. भिंतीला टेकून माणसे उभी राहिली. गणपूर्ती दुपटीने व्हावी इतकी माणसे त्या खोलीत होती. अध्यक्षांनी आनंदाने पोटनियम दुरुस्तीचा विषय वाचायला घेतला, तेव्हा अधिकारी म्हणाले, "हा विषय आता घेता येणार नाही. ही तहकूब सभा आहे."

"पण साहेब, आता सगळे आसत मा!" कोणी म्हणाले.

"तीनला नव्हते."

"तीनाक पण होते! पडवीत होते!"

"पडवी म्हणजे सभागृह नव्हे," अधिकारी म्हणाले. "आणि नियम माझा नाही, तुमचाच आहे."

मला वाटले, आता यांना लाज वाटेल. मी टेबलावरून मान वर करून एकेक चेहरा पाहिला. लाज कोठेच नव्हती. होते ते आश्चर्य. आणि तेही हळूहळू रागात बदलू लागले. काकींचा मुलगा मागून म्हणाला, "ह्या बाईन आधी सांगूक व्हया होता."

"होय तर," दुसऱ्याने दुजोरा दिला. "आधी सांगूक नको?"

मी ज्याच्या घरी तीन वेळा गेले होते, ज्याने मला सरबत पाजून 'काम झाला म्हणान समजा' म्हटले होते, त्यानेही मान डोलावली. विषय पुढील वर्षावर ढकलण्यात आला, महिलांच्या मागणीबाबत सभा सहानुभूती बाळगते असा ठराव सर्वानुमते झाला, आणि वडे आले. काकींच्या मुलाने दोन खाल्ले आणि एक कागदात गुंडाळून आईसाठी नेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते हे मला ठाऊक आहे. मला वाटते, मनात काही वाईट असते तर ते मला अधिक सोसले असते.

काकींनी तो वडा कुत्र्याला घातला.

पुढचे वर्ष तसेच गेले. चुरा, भुसा, उकललेली पोटे, माडाच्या आळ्यांतला वास. मुलाशी काकी पुष्कळ दिवस बोलल्या नाहीत, आणि मग बोलू लागल्या. एका घरात राहून किती दिवस न बोलता राहणार? मी सूचना पुन्हा लिहिली. सभेच्या आदल्या दिवशी काकी कार्यालयात डोकावून म्हणाल्या, "बाय, चायची किटली उद्या भुतूर ठेव. भायर नको." कारण विचारले तर नुसत्या हसल्या. किटली आत ठेवायला कोणाची परवानगी लागत नव्हती, मी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोहोचले तेव्हा पडवी बायकांनी भरलेली होती. बाके, कट्टा, पायऱ्या, कोठेही तसूभर जागा नव्हती. प्रत्येकीच्या पुढ्यात टोपली होती, आणि टोपलीत न विकलेली, दोन-तीन दिवसांची, बर्फ न लागलेली मासळी. तसा वास मी त्यापूर्वी कधी घेतला नव्हता. तो नाकाला येत नव्हता, घशाला येत होता. माश्यांचा एक काळा पडदाच टोपल्यांवर हलत होता.

सभासद नेहमीप्रमाणे आपापल्या जागा धरायला आले आणि अंगणातच थबकले.

"ह्या काय गो?" पांढऱ्या मिशांच्या सभासदाने विचारले.

"आमी हय बसतलो," काकी म्हणाल्या. "तुमी भुतूर बसा."

"वास मारता गो!"

"मारतलो तर. बर्फाबिगर तेका अत्तराचो वास येतलो काय?"

"आये, उचल ती टोपली," काकींचा मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. "लोक बघतत."

"बघूंदेत. बोट दाबून पण बघूंदेत."

थोडा वेळ पुरुष अंगणात उभे राहिले. ऊन कडक होते, माडाची सावली एका बाजूला सरकली होती, आणि चहाची किटली आत होती. शेवटी एकाने नाकाला रुमाल लावला, टोपल्यांमधून पाय उचलत वाट काढली आणि तो आत शिरला. त्याच्यामागे दुसरा शिरला. मग सगळेच आले. धोतराचे सोगे, उपरणी, शर्टाच्या बाह्या नाकाशी धरून. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. तीन वाजायच्या आत गणपूर्ती झाली होती. संस्थेच्या त्या सभागृहात ती कधी झाल्याचे अध्यक्षांना आठवत नव्हते, आणि त्यामुळे सभा सुरू करताना काय म्हणायचे असते तेही त्यांना चटकन सुचेना.

पोटनियम दुरुस्तीचा विषय पहिला घेतला गेला. सूचकाने रुमालातून सुचवले, अनुमोदकाने रुमालातून अनुमोदन दिले. चर्चा झाली नाही. सगळ्यांना लवकर सुटायचे होते. हात वर झाले. एक हात नाकाशी आणि एक हात वर, अशा त्या पुरुषांकडे पाहताना मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही असे नाही. काकींना बर्फ मिळणार होता, आणि ते मला मनापासून हवे होते. परंतु काकींच्या म्हणण्यासाठी त्यांतला एकही जण आत आला नव्हता. एक वर्षापूर्वी त्यांना आईने हाक मारली होती, बायकोने मारली होती, मी दारोदार जाऊन मारली होती; ते उठले नव्हते. कुजलेल्या पेडव्यांनी त्यांना उठवले. लोकशाहीविषयी मी जे काही शिकले होते त्यात या गोष्टीला ठेवायला जागा सापडत नव्हती, आणि अजूनही सापडलेली नाही.

मंजुरी आली, बायका सभासद झाल्या. काकी अखंड लादी घेऊन ती स्वतः फोडू लागल्या. टोपली रिकामी घेऊन त्या संध्याकाळच्या एस.टी.ने परत येत, आणि आमच्या आळ्यांतला वास गेला. मला पाहिले की लांबून टोपली उलटी करून दाखवीत. ते दिवस चांगले होते, हे मी नाकारणार नाही.

मग पुढचे वर्ष उजाडले. त्या वर्षी खाडीतल्या बायकांनी अर्ज दिला होता. या बायका ओहोटीला कमरेएवढ्या चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढतात. त्यांना गावात मासळी विकणाऱ्या बायकांच्याही खालचे मानतात. तिसऱ्या गोव्याला पाठवायच्या तर त्यांनाही बर्फ हवा होता, आणि तिसऱ्या काढणारी व्यक्ती अजून पोटनियमांत मच्छीमार नव्हती. पुन्हा तोच विषय, पुन्हा तीच गणपूर्ती. मला या वेळी काळजी वाटत नव्हती. नव्या सभासद बायकांचीच संख्या एवढी होती की त्या नुसत्या आत येऊन बसल्या असत्या तरी काम झाले असते. तरीही मी काकींना आठवण केली होती, आणि त्या 'होय गो' म्हणाल्या होत्या.

तीन वाजता मी दाराशी गेले. पडवीत पुरुष परतले होते. त्यांनी सरकून जागा केली होती, आणि अर्ध्या बाकांवर आमच्या बायका बसल्या होत्या. काकी मधल्या बाकावर होत्या. बशीत ओतलेला चहा फुंकत होत्या. अंगणात, माडाखाली, खाडीतल्या बायका उभ्या होत्या. पायांवरचा चिखल वाळून पांढरा झालेला.

"काकी, तीन वाजले," मी म्हणाले.

"म्हायत आसा गो."

"विषय तहकूब सभेत घेता येत नाही. तुम्हांला तर ठाऊक आहे."

काकींनी अंगणाकडे ओझरते पाहिले. "त्येंका बर्फ कित्याक व्हयो?" त्या म्हणाल्या. "तिसरे पाण्यात रवतत. आधीच आमका लादी पुरणा नाय." मग माझा चेहरा पाहून त्या जरा मऊ झाल्या. "येतो गो आमी. अर्ध्या तासान येतो. पळान जाता काय सभा?"

मागून त्यांचा मुलगा म्हणाला, "आता आयेक सभेतला कळूक लागला!" आणि सगळे हसले. काकीही हसल्या.

आत अध्यक्षांनी रिकाम्या खुर्च्यांना ते वाक्य सांगितले. मी अंगणात उतरले. खाडीतल्या बायकांपैकी एक म्हातारी पुढे आली.

"झाली काय गो सभा, बाय?"

"तहकूब झाली."

"म्हणजे काय?"

कार्यालयात मी नेहमी प्रमाण भाषेत बोलत असे. तेथे ती एक भिंत होती आणि तिच्याआड मला सुरक्षित वाटे. त्या वेळी ती मला सापडली नाही. पडवीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, मला स्वतःलाच अनोळखी वाटलेल्या आवाजात मी म्हणाले, "म्हणजे पडवीतली माणसां अजून भुतूर इली नाय!"

काकींनी बशी खाली ठेवली. त्या उठतील असे मला वाटले, म्हातारीलाही वाटले असावे, कारण तिने पदर सारखा केला. एवढ्यात आणखी एक सभासद बाई लगबगीने पायऱ्या चढून आली आणि बसायला जागा शोधू लागली. काकी बाकावर थोड्या सरकल्या आणि शेजारची फळी हाताने झाडून तिला म्हणाल्या, "ये गो, बस. अजून येळ आसा."